मिस्त्रींच्या नावाचा माणूस

पडदेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पडदे शिवतात म्हणून लोक पडदेबाई म्हणतात, इतकंच. पण हाक वर्षानुवर्षं तीच पडत गेली, आणि एकदा एका शाळेच्या कारकुनाने पावतीवर सरळ 'सौ. पडदे' असं लिहून दिलं. ती पावती बघून नवरा म्हणाला होता, "मग मी श्री. पडदे का? सांग, उघडू की लावू?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. अबोल माणूस. घरात विनोद करायचा तेवढाच, बाहेर कामापुरतं तोंड उघडायचा. शेवटच्या काही वर्षांत त्याच्या छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवलेलं होतं. त्यावरही तो म्हणायचा, "आता मलाही देखभालीची तारीख आली." एका सकाळी बाई चहा घेऊन उठवायला गेल्या तर तो उठला नाही. झोपेतच गेला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी येऊन नाडी पाहिली, दाखला दिला, आणि तीस वर्षांचा संसार दुपारपर्यंत आटोपला.

त्याला दोन वर्षं होऊन गेल्यावरची ही गोष्ट.

एका सातमजली इमारतीत बाई पडदे पोचवायला गेल्या होत्या. अस्तर लावलेले जाड पडदे, गाठोडं चांगलंच वजनदार. लिफ्ट चौथ्या मजल्याच्या वर गेली आणि मध्येच थांबली. दिवा गेला नाही, आवाज झाला नाही, नुसती थांबली. लिफ्टवाल्याची बायको असल्यामुळे बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी घंटा दाबली, गाठोडं खाली ठेवलं आणि त्यावर बसल्या.

थोड्या वेळाने जिन्यातून वॉचमनचा आवाज आला. "मावशी, घाबरू नका हां. मिस्त्री वरच आहेत, मशीनरूममध्ये. आज देखभालीला आलेत. पाच मिनिटांत काढतील."

या धंद्यातले सगळे लोक बाईंच्या ओळखीचे. कोण आलंय ते कळावं म्हणून त्यांनी सहज विचारलं, "कोण मिस्त्री?"

वॉचमनने नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. घराच्या दारावर जी पाटी होती तिच्यावर होतं, तसंच्या तसं.

बाईंना आधी वाटलं, आपल्याच डोक्यात होतं तेच आपण ऐकलं. "परत सांगा," त्या म्हणाल्या. त्याने परत सांगितलं. वर कौतुकाने म्हणाला, "फार जुना माणूस आहे या लाइनीत. लायसनवाला. आणि काम सुरू करण्याआधी काय करतात माहितेय? लिफ्टच्या भिंतीला तळहात टेकवतात आणि विचारतात, 'काय गं, बरी आहेस ना?' मी तर पहिल्यांदा हसलोच."

ही मिस्त्रींची खोड होती. ते लिफ्टशी बोलतात हे बाहेर कुणाला कळू द्यायला ते लाजायचे. एकटे असले की मगच तळहात टेकवायचे. घरात मात्र आपणच हसून सांगायचे. म्हणजे ही गोष्ट बाईंना माहीत होती, लेकीला माहीत होती, आणि तिसरा माणूस आता या जगात नव्हता.

वर पान्याची टकटक चालू होती. बाईंनी मान वर केली आणि छताच्या जाळीकडे बघत जोरात विचारलं, "अहो, वर कोण आहे?"

टकटक थांबली.

नंतर काहीच नाही. खोकला नाही, पाऊल नाही. वर कुणीतरी श्वास धरून उभं आहे आणि आपण खाली बसलोय, असं बाईंना वाटत राहिलं. मग लिफ्ट हलली. हाताने फिरवतात तशी, एकेक झटका देत, हळूहळू खाली आली आणि चौथ्या मजल्याला लागली. वॉचमनने दार ओढलं. बाई गाठोडं तिथेच टाकून जिना चढायला लागल्या.

मशीनरूमचं दार उघडं होतं. दिवा चालू. एका लाकडी खोक्यावर चहाचा पेला, अर्धा भरलेला, अजून वाफ निघणारा. माणूस नव्हता.

"मागच्या जिन्याने गेले वाटतं," धापा टाकत आलेला वॉचमन म्हणाला. "असे न सांगता कधी जात नाहीत. मावशी, तुमचे कोण लागतात का ते?"

"ओळखीचे आहेत," बाई म्हणाल्या. दुसरं काय सांगणार?

लेक रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये समोरच्या टेबलावर बसायची. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई मशीनपाशी बसली होती, पण सुईत दोरा नव्हता. आईने सगळं सांगितलं. लेकीने आधी नेहमीचं उत्तर दिलं: एका नावाची माणसं असतात, आमच्याकडे तर एकाच नावाचे दोघं एका बाकावर बसलेले असतात. मग आईने तळहाताची गोष्ट सांगितली, आणि ते उत्तर पुरेनासं झालं.

लेकीने विचारलं, "आई, हे तू कुणाला सांगितलं होतंस?"

आणि तेव्हा बाईंना तो माणूस आठवला.

मिस्त्री गेल्यानंतरच्या दिवसांत घरात माणसांची रीघ होती. त्यातच एका दुपारी, सगळे पांगल्यावर, एक जण आला होता. "वहिनी, मी दादांच्या हाताखाली काम केलंय," म्हणाला. कपाची बशी दोन्ही हातांनी धरून बसला होता. त्याचा चेहरा बाईंना काही केल्या आठवेना, त्या दिवसांत सगळे चेहरे पाण्यातून बघितल्यासारखे होते. आठवत होतं ते एवढंच, की तो फार छान ऐकत होता. बाकीचे आलेले आपलंच सांगत बसायचे, याने विचारलं. दादांचा जन्म कुठला, शिकले कुठे, आजार कोणता होता, कुठल्या हॉस्पिटलात दाखवायचे, कामात त्यांची पद्धत कशी. बाई बोलत गेल्या. कितीतरी दिवसांनी कुणी मिस्त्रींबद्दल विचारत होतं. जाताना तो म्हणाला, दादांची हत्यारं पडून गंजतील, मला दिलीत तर त्यांची आठवण म्हणून वापरीन. बाईंनी हत्यारांची पिशवी आणि कामावरचं जाकीट उचलून त्याच्या हातात दिलं. फोटोही दिला, मोठा करून आणतो म्हणाला म्हणून. तो परत आला नाही, आणि बाईही विसरल्या.

"पिशवीत काय काय होतं?" लेकीने विचारलं.

"पाने, स्क्रू ड्रायव्हर. आतल्या कप्प्यात त्यांचं लायसन असायचं. ओळखपत्रही." बाई थांबल्या. "आणि तो सापडत नव्हता ना, फोन. तोही असेल."

"बाबांचा नंबर तू बंद केला होतास ना?"

बाई पदराच्या टोकाशी खेळत राहिल्या. मग आपला फोन उचलून त्यांनी लेकीपुढे धरला.

नंबर त्यांनी बंद केला नव्हता. उलट दर वेळी स्वतः रिचार्ज करत होत्या. आणि त्या नंबरवर आवाजाचे निरोप पाठवत होत्या. कधी रोज, कधी आठवड्याने. 'अहो, आज त्या डॉक्टरीणबाईंचे पडदे झाले, चुण्या मनासारख्या पडल्या.' 'अहो, पोरीला सर्दी झालीय.' 'अहो, मागचा नळ तुमच्यासारखा कुणालाच बसवता येत नाही.' त्यांना टाइप करायला जमत नसे, पण बटण दाबून बोलता येई. फोन कुठेतरी अडगळीत विझून पडला असेल, असंच त्या धरून चालल्या होत्या. विझलेल्या फोनशी बोलायला काय हरकत?

लेकीने निरोपांची ती रांग वरपासून खालपर्यंत सरकवली.

"आई, प्रत्येक निरोपाशेजारी हा छोटा माईक आहे बघ. तो निळा झालाय."

"मग?"

"निळा झाला म्हणजे ऐकलाय. सगळे ऐकलेत, आई. पहिल्यापासून."

दोघी त्या पडद्याकडे बघत बसल्या. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आणि त्या बघत असतानाच, मिस्त्रींच्या नावाखाली, त्यांच्या फोटोखाली, बारीक अक्षरं उमटली: 'रेकॉर्ड करत आहे…'

लेकीने आईचं मनगट धरलं. अक्षरं तशीच राहिली. गेली. पुन्हा आली. कुणीतरी कुठेतरी बटण दाबून धरलं होतं आणि बोलावं की नाही ते त्याचं ठरत नव्हतं. मग अक्षरं गेली ती गेलीच. निरोप आला नाही. नावाखालची 'ऑनलाइन' ही खूणसुद्धा मावळली.

त्या रात्री दोघी एकाच खोलीत झोपल्या. झोपल्या म्हणजे आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून लेकीने रजा टाकली आणि दोघींच्या चकरा सुरू झाल्या. मिस्त्री गेल्याचं त्यांनी बँकेला कळवलं होतं, रेशनच्या कार्डावरून नाव काढलं होतं. लिफ्टचं लायसन देणाऱ्या ऑफिसला कळवावं लागतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मेलेला माणूस लिफ्ट दुरुस्त करणार नाही, हे सांगावं कशाला लागतं?

तिथल्या साहेबाने संगणकात बघितलं. "लायसन चालू आहे. मागच्या वर्षीच नूतनीकरण झालंय. फोटो नवा दिलाय, पत्ता बदललाय."

"पण ते वारलेत," बाई म्हणाल्या.

"कधी?"

बाईंनी तारीख सांगितली. साहेबाने पुन्हा संगणकात बघितलं, जणू तो आणि संगणक मिळून काय ते ठरवणार होते. "आमच्या नोंदीप्रमाणे हयात आहेत. फोनवर आकडा पाठवून खात्री केली होती. त्यांनी आकडा बरोबर सांगितला."

"त्यांचा फोन चोरीला गेलाय."

"फोनला कुलूप नव्हतं?"

होतं. जन्माचं साल. आणि वर्तमानपत्रात निधनाची जी जाहिरात दिली होती, तिच्यात दिराने हौसेने सगळं घातलं होतं: पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, राहता पत्ता. भावाचं काहीच राहून जाऊ नये म्हणून.

साहेब माणूस वाईट नव्हता. लायसन रद्द व्हायला आधी चौकशी लागते, असं त्याने सांगितलं. संगणकातला नवा फोटो त्याने त्यांच्याकडे वळवला. पन्नाशीचा, गालफडं बसलेला एक माणूस सरळ समोर बघत होता. बाईंनी निरखून पाहिलं. ओळख पटली नाही. ओळख पटली ती जाकिटाची. कॉलरपाशी उसवलं होतं तिथे त्यांनी स्वतः घातलेली आडवी टीप फोटोत स्पष्ट दिसत होती.

नव्या पत्त्यावर एक बंद गाळा निघाला. पोलीस चौकीत एका महिला हवालदाराने तक्रार लिहून घेतली. ती म्हणाली, "ताई, ही माणसं एका दमात काही नेत नाहीत. एकाकडून तारीख घेतात, एकाकडून नंबर, एकाकडून फोटो. देणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, एवढंच तर दिलं." तिने नंबर लगेच बंद करायला मात्र मना केलं. फोन पुन्हा चालू झाला तर माग लागेल, म्हणाली. पण फोन चालू झाला नाही. त्या इमारतीतही तो परत फिरकला नाही.

ते दिवस बाईंना फार जड गेले. कामाला जावं तिथे कानावर काहीतरी यायचं. लिफ्टचं सामान विकणाऱ्या दुकानात गल्ल्यावर नवा माणूस होता. तो म्हणाला, "हो, येतात की मिस्त्री. हल्ली जरा वाळलेत." एका ऑफिसातला शिपाई म्हणाला, "तुमच्याबद्दल बोलत होते ना ते. बायको पडदे शिवते म्हणाले. चुण्या बघायच्या तर तिच्याच, म्हणाले." हे ऐकून बाई तिथल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

घरी आल्यावर त्या कपाट उघडायच्या आणि मृत्यूचा दाखला काढून वाचायच्या. आपण त्यांच्या कपाळाला हात लावला होता, ते गार होतं, हे मनाशी म्हणायच्या. मग पुन्हा वाटायचं, अर्ध्या गावाने त्यांना पाहिलंय, ते हसतात, बोलतात, चहा पितात, वाळलेत म्हणतात. आपण एकटीच काय ती ते मेले म्हणून सांगत फिरतोय. एकदा तर जिन्यात पावलं वाजली तेव्हा त्या उठून केस सारखे करायला लागल्या. ते लेकीने बघितलं, आणि काही न बोलता ती दाराची कडी लावून आली.

मग एका सकाळी लॅबमध्ये लेकीचा फोन वाजला. मोठ्या हॉस्पिटलातून होता.

"तुमच्या वडिलांना इथे आणलंय. लिफ्टच्या खड्ड्यात पडलेत. लवकर या."

लेकीने आईला नंतर सांगितलं, की ते वाक्य ऐकल्यावर क्षणभर, अगदी एकच क्षण, तिला आनंद झाला होता.

हॉस्पिटल तेच होतं जिथे मिस्त्री तपासून घ्यायला जायचे. ते घरी वारले, त्यामुळे तिथली त्यांची फाईल उघडीच राहिली होती. जखमी माणसाच्या खिशात ओळखपत्र मिळालं, त्यावरून फाईल निघाली, आणि फाईलवर जवळचं माणूस म्हणून लेकीचा नंबर होता. सगळं रीतसर झालं होतं. माणूस तेवढा दुसरा होता.

डॉक्टर तरुण होता आणि गोंधळलेला होता. "बरं झालं आलात. पोटात रक्तस्राव होतोय, ऑपरेशन करावं लागेल. पण फाईल म्हणते, यांच्या छातीत यंत्र बसवलंय. एक्स-रेमध्ये यंत्र नाही. छातीवर वणसुद्धा नाही. बसवलं होतं ना?"

बाईंनी काचेतून आत बघितलं. पलंगावर कुणीतरी पडलं होतं, नाकाला नळी, डोक्याला पट्टी. पायथ्याशी ते जाकीट घडी करून ठेवलं होतं. पलंगाला अडकवलेल्या पाटीवर नवऱ्याचं नाव होतं.

त्या एकच वाक्य बोलल्या असत्या तरी पुरलं असतं, आणि तेच त्यांच्या तोंडून निघेना. लेक पुढे व्हायला लागली, तेव्हा त्यांनी तिला हाताने थांबवलं.

"हे माझे मिस्टर नाहीत," त्या म्हणाल्या. "ते दोन वर्षांपूर्वी गेले. हा त्यांच्या नावावर राहणारा माणूस आहे. त्या फाईलमधलं काहीही याला लागू नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या ते घ्यायचे. हा काय घेतो, याला काय चालत नाही, मला माहीत नाही. सगळं नव्याने तपासा."

डॉक्टरने त्यांच्याकडे बघितलं, मग लेकीकडे. एकही प्रश्न न विचारता तो आत गेला आणि पहिली गोष्ट ही केली, की पलंगाची पाटी काढून नर्सच्या हातात दिली. नव्या पाटीवर 'अनोळखी पुरुष' एवढंच लिहिलं गेलं. त्या पाटीखाली त्याचं ऑपरेशन झालं, आणि तो वाचला.

लेकीने चौकीला कळवलं. दाराशी शिपाई बसला. जखमीला शुद्ध आल्यावर दोन दिवसांनी ती हवालदारीण बाईंना म्हणाली, "यायलाच पाहिजे असं नाही. पण बघायचं असेल तर मी बरोबर आहे." लेक नको म्हणत होती. बाई गेल्या.

चेहरा साधा होता, बाजारात शेजारी उभा राहिला तरी लक्षात न राहणारा. बाई काही बोलल्या नव्हत्या तोवर तो छताकडे बघत पडला होता. त्यांनी हवालदारणीला "खुर्ची असू दे, मी उभी राहते," असं म्हटलं मात्र, त्याने मान वळवली. आवाजावरून ओळखलं त्याने.

"लिफ्टमध्ये तुम्ही होतात," तो म्हणाला. "मला वाटलं, फोनच वाजतोय खिशात."

"तुम्ही त्यांच्या हाताखाली होता?"

"नाही. एकदा फक्त लांबून बघितलं होतं, काम करताना. मी लायसनच्या परीक्षेत दर वेळी नापास व्हायचो. पेपरात जाहिरात वाचली आणि आलो. आधी हत्यारंच न्यायला आलो होतो. नाव नंतर घेतलं." मग म्हणाला, "तुम्ही इतकं सांगितलंत, की मग वापरायचं तेवढं उरलं."

बाईंना खूप काही विचारायचं होतं. का ऐकलेत माझे निरोप? कुठे बसून ऐकलेत? पण त्याची उत्तरं घरी नेऊन ठेवायला जागा नव्हती. त्यांनी वेगळंच विचारलं. "त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही बटण दाबून धरलं होतं. काय बोलणार होतात?"

हवालदारीण पुढे सरकली.

"सांगणार होतो, की त्या इमारतीत परत जाऊ नका," तो म्हणाला. "त्या लिफ्टचा ब्रेक झिजलाय. मला तो बदलायला येत नाही. मी नुसती सही करत होतो. सगळीकडेच."

"सगळीकडे म्हणजे कुठे?" हवालदारणीने विचारलं.

त्याने इमारतींची नावं सांगायला सुरुवात केली. औषधाच्या गुंगीत तो मध्ये थांबायचा, मग आणखी एक आठवायचं. एक नाव ऐकल्यावर बाईंनी भिंतीला हात टेकला. त्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर लेकीची लॅब होती.

हवालदारीण फोन घेऊन बाहेर पळाली. बाईंनीही व्हरांड्यात उभं राहून लेकीला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा लेकीने उचलला, म्हणाली, "आई, मी खालीच आहे, लिफ्टच्या दारात. वर जाऊन करते फोन."

"चढू नकोस," बाई म्हणाल्या. "कुणालाच चढू देऊ नकोस. दारात उभी राहा."

लेक दारात हात आडवे पसरून उभी राहिली. लोक चिडले, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर तिची तक्रार करतो म्हणून सांगितलं. पण तिने कुणाला सोडलं नाही. दुपारपर्यंत त्याने सांगितलेल्या सगळ्या लिफ्ट बंद झाल्या. खऱ्या लायसनवाल्यांनी येऊन बघितलं, तेव्हा बऱ्याचशा ठीक निघाल्या, कारण मशीन दणकट असतात, माणसाच्या चुका बराच काळ झेलतात. पहिल्या इमारतीतल्या लिफ्टचा ब्रेक मात्र संपलेला होता. लॅबच्या इमारतीत एक दोर अर्धा तुटला होता. आणखी किती दिवस टिकला असता, ते बघणाऱ्या माणसाने सांगायचं टाळलं.

माणूस बरा झाला आणि पुढे कोर्टात उभा राहिला. तिथे त्याचं खरं नाव पुकारलं गेलं. बाई हजर होत्या, पण ते नाव त्यांनी लक्षात ठेवलं नाही. चौकीतून फोन परत मिळाला. लेकीने त्यातलं सगळं पुसलं, आणि नंबर बंद करण्याचा अर्ज बाईंनी स्वतः सही करून दिला. लायसनच्या ऑफिसात, त्या मोठ्या हॉस्पिटलात, जिथे जिथे मिस्त्री अजून हयात होते तिथे तिथे जाऊन दोघींनी दाखला दाखवला. "एकदा मेलेल्या माणसाला किती वेळा मारायचं," असं बाई एका खिडकीवर वैतागून म्हणाल्या, आणि आतला कारकून हसू की नको अशा चेहऱ्याने शिक्का मारत राहिला.

आता घरात काही गोष्टी बदलल्यात. औषधांच्या पाकिटावरची नावाची चिठ्ठी फाडल्याशिवाय ते केरात जात नाही. फोनवरून कुणी, "तुमची जन्मतारीख सांगता का?" असं गोडीत विचारलं, की बाई म्हणतात, "तुम्हीच आधी तुमची सांगा," आणि ठेवून देतात. लेकीने लॅबमधली पद्धत बदलून घेतली. तिथे आता पेशंटचा फोन नंबर आणि जन्मतारीख मोठ्याने विचारत नाहीत, समोरचा स्वतः लिहून देतो. गल्लीत कुणी गेलं, तर बाई स्वयंपाकाला हात लावायला जातात आणि चुलीपाशीच त्या घरच्या कर्त्या बाईला हळूच सांगतात: जाहिरातीत नाव आणि वेळ, बास. त्याचा फोन आणि कागद आजच आपल्या कपाटात ठेव. आणि रडू आलं तर आपल्या माणसापाशी रड, आलेल्यापाशी नको.

मिस्त्रींशी बोलायच्या त्या थांबल्या आहेत असं मात्र नाही. कापड बेतताना, चुण्या घालताना त्यांचे ओठ हलत असतात. लेकीने एकदा जवळ जाऊन कान दिला. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.